तीन रविवार

२०२५च्या सप्टेंबरात भारत आणि पाकिस्तान यांचे क्रिकेट संघ दुबईत तीनदा समोरासमोर आले. १४ तारखेला, २१ला आणि २८ला. तिन्ही रविवार. आशिया चषक १९८४ साली सुरू झाला, पण ४१ वर्षांत या दोन संघांत अंतिम सामना कधी झाला नव्हता. तो त्या शेवटच्या रविवारी झाला. तिन्ही सामने भारताने जिंकले आणि तिन्ही वेळा खेळाडू एकमेकांशी हात न मिळवता मैदानाबाहेर पडले.

संपादकांनी या अंकासाठी ‘वैर’ हा विषय ठरवला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हेच तीन रविवार आले. मैदानावर काय घडलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मला शोधायचं होतं ते वेगळं. असा सामना उभा कसा राहतो, त्याची तारीख कोण ठरवतं, त्यातला राग कुठे तापवला जातो आणि त्याचा हिशेब शेवटी कोणाच्या माथी येतो?

२८ तारखेच्या रात्री मी गिरगावात एका मंडळाच्या मंडपात होतो. नवरात्र चालू होतं, दिवसभर पाऊस लागला होता. देवीची आरती लवकर आटोपून मंडपाच्या दुसऱ्या टोकाला प्रोजेक्टर लावला होता. ताडपत्रीवर साचलेलं पाणी एक मुलगा बांबूने ढोसून बाहेर काढत होता, पण मान पडद्याकडे. एक बाद ११३ वरून पाकिस्तानचा डाव १४६ला संपला आणि कुलदीप यादवच्या चौथ्या बळीला मंडपात घंटा वाजली. मग भारताचे तीन गडी २० धावांत गेले आणि सगळे गप्प झाले. तिलक वर्माने नाबाद ६९ करून डाव ओढून नेला. रिंकू सिंग एकच चेंडू खेळला, तो चौकार गेला.

त्यानंतर जे झालं ते समजायला मंडपातल्या माणसांना वेळ लागला. बक्षीस समारंभ सुरूच होईना. तासाभराहून अधिक वेळ गेला. आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष मोहसिन नक्वी मंचावर होते. तेच पाकिस्तान क्रिकेट मंडळाचे प्रमुख आणि तेच पाकिस्तानचे गृहमंत्री. त्यांच्या हातून चषक घ्यायचा नाही, असं भारतीय संघाने ठरवलं होतं. शेवटी चषक मैदानाबाहेर नेला गेला आणि कर्णधार सूर्यकुमार यादव रिकामे हात उंचावत आपल्या सहकाऱ्यांकडे आला. “कप कुठाय?” असं एका सात-आठ वर्षांच्या मुलीने विचारलं. तिच्या वडिलांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि घरी नेलं.

समोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर एक वृत्तवाहिनी लागली होती. पडदाभर सामना, आणि खालच्या सरकत्या पट्टीवर मराठवाड्यातल्या पुराची एक ओळ. त्या दिवसांत बीड, धाराशिव, सोलापूरकडे उभी पिकं पाण्याखाली होती, कित्येकांच्या शेतातली माती खरवडून गेली होती. ती ओळ एकदा सरकून गेली की बऱ्याच वेळाने परत यायची. मला त्या रात्रीचं सगळ्यांत जास्त काही लागलं असेल तर ते हे.

तारीख कोण ठरवतं

तीन रविवार योगायोगाने जुळत नाहीत. आठ संघांचे दोन गट. भारत, पाकिस्तान, ओमान आणि संयुक्त अरब अमिराती एका गटात. श्रीलंका, बांगलादेश, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग दुसऱ्यात. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढच्या फेरीत आणि तिथे चौघांनी एकमेकांशी खेळायचं. ओमान आणि अमिरातीने मोठा चमत्कार घडवला नाही तर भारत-पाकिस्तान दोनदा भिडणार, हे वेळापत्रक छापतानाच पक्कं होतं. तिसरी भेट तेवढी खेळावर सोपवलेली होती.

हे शहाणपण २००७ साली आलं. वेस्ट इंडीजमधल्या त्या विश्वचषकात दोघे वेगवेगळ्या गटांत होते. भारत बांगलादेशकडून हरला, पाकिस्तान आयर्लंडकडून, आणि दोन्ही संघ पहिल्याच फेरीत घरी गेले. १५ एप्रिलला बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनमध्ये ज्या सामन्यासाठी प्रेक्षक, प्रायोजक आणि वाहिन्या डोळे लावून बसल्या होत्या, त्याऐवजी तिथे आयर्लंड आणि बांगलादेश खेळले. प्रक्षेपणात गुंतवलेल्या पैशाला लागलेला तो धक्का क्रिकेटचे कारभारी विसरले नाहीत. २०१३च्या चॅम्पियन्स करंडकापासून पुरुषांच्या प्रत्येक मोठ्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेत हे दोन देश एक तर एकाच गटात असतात, नाही तर स्पर्धाच अशी आखलेली असते की सगळ्यांनी सगळ्यांशी खेळावं. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्ह रिचर्डसन यांनी २०१६ साली हे उघड मान्य केलं होतं: हा सामना स्पर्धेत असावा असा आमचा प्रयत्न असतो.

यामागे पैसा किती आहे? परिषदेने २०२४ ते २०२७ या चार वर्षांचे भारतातले प्रक्षेपण हक्क डिस्ने स्टारला सुमारे ३ अब्ज डॉलरना विकले. आशियाई परिषदेचे आठ वर्षांचे हक्क सोनीने सुमारे १७ कोटी डॉलरना घेतले. आंतरराष्ट्रीय परिषदेच्या उत्पन्नातला ३८.५ टक्के वाटा भारतीय मंडळाला जातो, पाकिस्तानला ५.७५ टक्के. हे पैसे देणारा प्रेक्षक बहुतांशी भारतात आहे, आणि त्याला इतर सगळ्या सामन्यांपेक्षा या एका सामन्याची ओढ अधिक आहे.

लोअर परळमध्ये माझ्या ओळखीच्या एक बाई जाहिरातींसाठी वाहिन्यांवरचा वेळ विकत घेण्याचं काम करतात. त्यांनी मला समजावलं की दहा सेकंदांच्या हिशेबाने हा वेळ विकला जातो आणि भारत-पाकिस्तान सामना सहसा सुटा मिळत नाही. तो हवा असेल तर बाकीच्या सामन्यांचा वेळही घ्यावा लागतो. दोन षटकांमधली उसंत, विकेट पडल्यावरची उसंत, पाणी प्यायची उसंत, प्रत्येकाची किंमत ठरलेली. बाई त्या क्षेत्रात मुरलेल्या आहेत. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “सामना रद्द होईल का, हे विचारायला आमच्याकडे ग्राहकांचे फोन येतात, पण तो होणार का नाही हे आम्हाला सगळ्यांच्या शेवटी कळतं.”

कारण ते दिल्लीत ठरतं. जानेवारी २०१३ मध्ये पाकिस्तानचा संघ भारतातली छोटी मालिका खेळून परत गेला, त्यानंतर दोघांत द्विपक्षीय मालिका झालेली नाही. शेवटची कसोटी २००७च्या डिसेंबरातली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात डोंबिवली, पुणे आणि पनवेलची मिळून सहा जण महाराष्ट्रातली होती. मे महिन्यात सीमेवर लष्करी कारवाई झाली. ऑगस्टात क्रीडा मंत्रालयाने धोरण लिहून काढलं: पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, पण अनेक देशांच्या स्पर्धांत भारतीय संघ खेळतील.

या धोरणाला एक खरी बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर दिल्लीतल्या नेमबाजी विश्वचषकासाठी पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही, तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारताशी भावी स्पर्धांच्या यजमानपदाची बोलणी थांबवली होती. ऑलिम्पिक भरवू पाहणाऱ्या देशाला आलेल्या खेळाडूला दार बंद करता येत नाही. हे मला पटतं. पण क्रिकेटचा आशिया चषक ऑलिम्पिक समितीच्या अखत्यारीत येत नाही. त्यातून बाहेर पडायची वाट मोकळी होती. जुलैमध्ये बर्मिंगहॅमला निवृत्त खेळाडूंच्या स्पर्धेत भारतीयांनी पाकिस्तानशी खेळायला नकार दिला, पुढे उपांत्य सामनाही सोडून दिला. तिथे दीर्घ मुदतीचा मोठा करार आड येत नव्हता.

एका रांगेतले जिमखाने

मरिन ड्राइव्हवर सकाळी चालत गेलं की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला, चर्नी रोड आणि मरिन लाइन्स यांच्या मध्ये, रेल्वेच्या रुळांना पाठ लावून हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि पारशी जिमखाना उभे दिसतात. मी गेलो तेव्हा एका हिरवळीवर लग्नाच्या मांडवाचे खांब उतरवत होते आणि शेजारच्या मैदानात शाळकरी पोरं नेटमध्ये फलंदाजी करत होती. कुंपणं कमरेएवढी. चेंडू पलीकडे गेला तर पोरगं उडी मारून आणतं.

या कुंपणांनीच मुंबईचं क्रिकेट उभं केलं. १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांच्यात सामने होत. १९०७ला हिंदू संघ आला, १९१२ला मुस्लिम संघ, १९३७ला ख्रिस्ती वगैरे उरलेल्यांचा ‘रेस्ट’ नावाचा संघ. तिरंगी, चौरंगी, पंचरंगी अशी ही स्पर्धा वाढत गेली आणि सगळ्या शहराला तिने वेड लावलं. १९३४च्या चौरंगी स्पर्धेचं आँखो देखा हाल रेडिओवर बॉबी तल्यारखान यांनी सांगितलं. भारतातल्या क्रिकेट समालोचनाची सुरुवात तिथली. म्हणजे आपल्याकडे प्रक्षेपण आणि धर्मावर बेतलेले संघ हे पहिल्यापासून एकत्र आले. ज्याने सामना पाहिला नाही त्याच्याही घरात तो आवाजातून पोचला, आणि गल्लीतल्या भांडणाला एक नवा दिवस मिळाला.

त्या ‘हिंदू’ संघाच्या आतही एक कुंपण होतं. डावखुरा फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू त्या काळातला सर्वोत्तम गोलंदाज. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण दलित म्हणून पुण्यात त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते पुढे १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं, तेही झगडून.

महात्मा गांधींनी १९४०च्या डिसेंबरात, हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला भेटायला गेली तेव्हा, अशा धर्मवार सामन्यांना आपला विरोध आहे असं सांगितलं. मुंबईत दोन तट पडले. वर्तमानपत्रांत पत्रं, सभा, निदर्शनं. स्पर्धा तरीही १९४६ पर्यंत चालली, आणि अखेरच्या वर्षांत तिने फार मोठं क्रिकेट पाहिलं. १९४३च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर सांगलीच्या विजय हजारेंनी रेस्टकडून संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा केल्या. त्यांचे बंधू विवेक यांनी दुसरं टोक धरून ठेवलं, २१ धावांत. पुढच्याच वर्षी मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवलं, के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले. शहर तापलेलं होतं, फाळणी अडीच-तीन वर्षांवर होती. तरी तो सामना खेळ म्हणून संपला.

फाळणीनंतर पाकिस्तानचा संघ १९५२ला भारतात आला तेव्हा त्याचा कर्णधार अब्दुल हफीज कारदार १९४६ साली भारताकडून इंग्लंडमध्ये खेळून आलेला होता. मुंबईच्या ब्रेबॉर्नवर तिसरी कसोटी भारताने दहा गड्यांनी जिंकली, हजारे नाबाद १४६. ज्यांच्याशी वैर मांडायचं तेच काल एका ड्रेसिंग रूममध्ये होते.

खणलेली खेळपट्टी

आझाद मैदानावर अनेक क्लबांच्या विकेट एकमेकींना खेटून आहेत आणि प्रत्येकीची काळजी घेणारे माळी आहेत. त्यातल्या एका म्हाताऱ्या माळीबुवांना मी विचारलं, विकेट खणली तर परत व्हायला किती वेळ लागतो? त्यांनी रोलरचा दांडा खाली ठेवला. माती चाळून घालायची, पाणी द्यायचं, ओल बघून रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर, वर गवत धरायला हवं. “माती बसायला हंगाम जातो साहेब. खणायला अर्धा तास.”

१९९१च्या ऑक्टोबरात पाकिस्तानचा संघ येणार म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणली. दौरा रद्द झाला. छायाचित्र सगळीकडे छापून आलं आणि त्या एका छायाचित्राने पुढच्या तीस वर्षांना एक पद्धत घालून दिली. १९९९च्या जानेवारीत दिल्लीच्या कोटला मैदानाची खेळपट्टी खणली गेली आणि मुंबईतल्या भारतीय मंडळाच्या कार्यालयाची नासधूस झाली. २०१५च्या ऑक्टोबरात मंडळाचे अध्यक्ष, नागपूरचे शशांक मनोहर, पाकिस्तान मंडळाचे शहरयार खान यांच्याशी बोलणार होते, तर निदर्शक थेट कार्यालयात घुसले. चर्चा फिसकटली. पंच अलीम दार यांना आंतरराष्ट्रीय परिषदेने त्या वेळी भारतात चालू असलेल्या मालिकेतून काढून घेतलं, समालोचक वसीम अक्रम आणि शोएब अख्तर मुंबईच्या सामन्याआधी परत गेले. २०२३च्या विश्वचषकात पाकिस्तानचे सामने हैदराबाद, अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई आणि कोलकात्याला झाले. मुंबईला एकही नाही.

राजकारण्याच्या दृष्टीने खेळपट्टी सोयीची जागा आहे. रात्री तिथे कोणी नसतं, काम थोडक्यात होतं आणि सकाळी कॅमेरे येतात. ज्याची मेहनत मातीत जाते तो माळी त्या छायाचित्रात नसतो.

पण हीच गोष्ट उलटही घडू शकते, हे चेन्नईने त्याच १९९९च्या जानेवारीअखेर दाखवलं. चौथ्या डावात २७१ हव्या होत्या. पाठ दुखत असताना सचिन तेंडुलकर १३६ करून बाद झाला तेव्हा विजय हाताशी होता. शेवटचे चार गडी चार धावांत गेले, भारत १२ धावांनी हरला. चेपॉकवरचे हजारो लोक उभे राहिले आणि पाकिस्तानच्या संघाने मैदानाला घातलेल्या फेरीला त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कोणी सांगून वाजवल्या नव्हत्या. तीनच आठवड्यांनी कोलकात्यात सचिन धावबाद झाल्यावर प्रेक्षक इतके बिथरले की सामना जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये संपवावा लागला. देश एक, पाहुणा एकच. त्यामुळे ‘लोकांच्या भावना’ हे शब्द कोणी मोठ्याने उच्चारले की मी विचारतो, कुठल्या लोकांच्या?

त्याच वर्षी ८ जूनला, कारगिलच्या डोंगरांवर लढाई चालू असताना, मँचेस्टरला विश्वचषकात दोन्ही संघ खेळले. वेंकटेश प्रसादने पाच बळी घेतले, भारत ४७ धावांनी जिंकला. त्याआधी १९९६च्या फेब्रुवारीत, बाँबस्फोटानंतर ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीजने कोलंबोला यायचं नाकारलं, तेव्हा भारत आणि पाकिस्तानचा एक संयुक्त संघ श्रीलंकेच्या पाठीशी उभं राहायला तिथे जाऊन खेळला होता. अझरुद्दीन कर्णधार, सचिन आणि वसीम अक्रम एका बाजूला. आजच्या विशीतल्या मुलांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

हाताची क्लिप

अंधेरीतल्या एका वृत्तवाहिनीच्या डेस्कवर मी एक संध्याकाळ बसलो. सामन्याची दृश्यं हक्क विकत घेतलेल्या वाहिनीच्या मालकीची असतात. वृत्तवाहिन्यांना ती हवी तेवढी वापरता येत नाहीत. मग तासन् तास दाखवायचं काय? डेस्कवरच्या तरुणाने मला रनडाऊन दाखवला. स्थिर छायाचित्रं, ग्राफिक्स, स्टुडिओत चार खिडक्यांत चार माणसं, त्यातला एक माजी सैन्याधिकारी, एक माजी खेळाडू, आणि जमलं तर सीमेपलीकडचा एक पत्रकार, कारण त्याच्यावर ओरडता येतं. चौकार दाखवता येत नाही, म्हणून चौकारानंतरची नजर दाखवायची. नाणेफेकीला कर्णधारांनी हात दिला का, राष्ट्रगीताच्या वेळी कोण हसलं, सीमारेषेवर कोणी काय खूण केली, हे सगळं फोटोतून चालतं. डेस्कवरच्याच मुलीने सांगितलं की खेळावरच्या व्हिडिओपेक्षा हाताच्या व्हिडिओला कितीतरी पट व्ह्यूज येतात, आणि वरून विचारणा होते ती तशाच पुढच्या व्हिडिओसाठी.

१४ सप्टेंबरच्या नाणेफेकीला हात मिळाले नाहीत, ही घटना याच व्यवस्थेत पडली. पाकिस्तान मंडळाने सामनाधिकारी अँडी पायक्रॉफ्ट यांच्यावर ठपका ठेवला, त्यांना हटवा म्हणून हट्ट धरला, आणि १७ तारखेला पाकिस्तानचा अमिरातीशी सामना तासभर उशिरा सुरू झाला. २१ला साहिबजादा फरहानने अर्धशतकानंतर बॅट बंदुकीसारखी धरली, हारिस रौफने प्रेक्षकांकडे पाहून विमान पाडल्याच्या खुणा केल्या. त्या खुणा ओंगळ होत्या. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्या जखमेवर मीठ चोळणाऱ्या होत्या. १४ला विजय सैन्याला अर्पण केला म्हणून सूर्यकुमारच्या आणि या खुणांसाठी रौफच्या मानधनाला कात्री लागली. दोन्ही देशांत दिवसभर तेच चालू राहिलं. क्रिकेटच्या नियमावलीच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे की निकाल काहीही लागो, सामना संपल्यावर पंचांचे आणि प्रतिस्पर्ध्यांचे आभार मानावेत. या तीन रविवारी ते वाक्य कोणाच्या पडद्यावर आलं नाही.

जिथे कॅमेरे कमी तिथे काय होतं? ऑक्टोबरात मलेशियात जोहोरला भारत आणि पाकिस्तानचे ज्युनिअर हॉकी संघ खेळले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. पोरांनी सामन्याआधी एकमेकांना टाळ्या दिल्या. आणि जिथे कॅमेरे येऊन आदळतात तिथे काय होतं, ते नीरज चोप्राला विचारावं. पॅरिसला अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्ण घेतलं, नीरजला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळालं, तेव्हा नीरजच्या आईने अर्शदही आपल्या मुलासारखाच असल्याचं म्हटलं आणि दोन्ही देशांनी त्यांना डोक्यावर घेतलं. आठ महिन्यांनी, बंगळुरूच्या आपल्या स्पर्धेचं आमंत्रण अर्शदला पहलगामच्या हल्ल्याआधी पाठवलं म्हणून त्याच नीरजला आणि त्याच्या घरच्यांना शिव्या खाव्या लागल्या. आई तीच, मुलगा तोच.

१४ तारखेच्या सामन्याविरुद्ध महाराष्ट्रात आंदोलन झालं. ठाकरे गटाच्या शिवसेनेने ‘माझं कुंकू, माझा देश’ म्हणत रस्त्यावर उतरून सामन्याला विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने सामना थांबवण्याच्या याचिकेवर तातडीने सुनावणी घ्यायला नकार दिला. सामना झाला. जिंकल्यावर सूर्यकुमारने विजय सैन्याला अर्पण केला, पुढे स्पर्धेतलं मानधनही सैन्याला आणि पहलगामच्या पीडितांना देऊ केलं. चेंबूरच्या अणुशक्तीनगरमध्ये वाढलेल्या या मुलाच्या मनाच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती वेगळ्या गोष्टीबद्दल: खेळायचं की नाही, हा प्रश्न त्याच्यासमोर कोणी ठेवलाच नव्हता. खेळायचं हे आधी ठरलं होतं, करारात बांधलेलं होतं. त्याच्या वाट्याला उरला तो हात. आणि हाताला खर्च येत नाही.

पुण्यातला विजय

नकार द्यायचाच असेल तर तो कसा देतात, हे भारताने एकदा जगाला दाखवलं आहे, आणि त्या गोष्टीचा एक तुकडा आपल्या पुण्यात आहे.

१९७४ साली डेव्हिस कपमध्ये भारताच्या टेनिस संघाने कोलकात्याला ऑस्ट्रेलियाला हरवलं. पुढे पुण्यात सोव्हिएत युनियनला ३-१ असं नमवलं. विजय आणि आनंद अमृतराज हे भाऊ ऐन भरात होते. अंतिम सामना होता दक्षिण आफ्रिकेशी. तिथे वर्णद्वेषी राजवट होती आणि भारत सरकारचं तिच्याशी कसलेच संबंध न ठेवण्याचं धोरण होतं. कप दोन पावलांवर होता, आणि त्या वर्षी तो जिंकण्याची खरी संधी होती असं टेनिसमधली जाणकार मंडळी आजही म्हणतात. सरकारने आणि संघटनेने सांगितलं, खेळायचं नाही. भारताने अंतिम सामना सोडला. दक्षिण आफ्रिकेला कप न खेळता मिळाला. डेव्हिस कपच्या इतिहासात अंतिम सामना असा सुटल्याची ती एकच वेळ.

त्या निर्णयाला किंमत होती आणि ती निर्णय घेणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून मोजली. खेळाडूंचं ऐन उमेदीतलं वर्ष गेलं. ते त्यांना परत मिळालं नाही. तरीही त्या नकाराचा अर्थ जगाला कळला.

२०२५च्या सप्टेंबराला मी या मापाने मोजतो. पहलगामनंतर या देशाशी खेळणं आम्हाला मान्य नाही, असं भारताचं म्हणणं असेल तर तीन रविवार सोडायला हवे होते, चषकासकट आणि प्रक्षेपणाच्या पैशासकट. मी त्या निर्णयाच्या मागे उभा राहिलो असतो. आणि खेळणं मान्य असेल, देशाला आंतरराष्ट्रीय खेळात राहायचं असेल, तर मग समोर आलेल्या खेळाडूशी खेळाडूसारखं वागायला हवं होतं, चेन्नईच्या प्रेक्षकांसारखं. पाकिस्तान मंडळालाही हेच लागू आहे. गृहमंत्र्याला क्रिकेटचा प्रमुख करणाऱ्या देशाने खेळात राजकारण आणू नका असं सांगावं, याला काही अर्थ नाही. आपण मात्र पैसे घेतले, सामना घेतला, जिंकलो, आणि निषेधाचं काम अकरा खेळाडूंच्या हातांवर सोपवलं. सरकार, मंडळ आणि वाहिन्या यांच्यापैकी कोणाचंही त्यात काही गेलं नाही.

पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक जाहीर होईल तेव्हा त्यातले रविवार पाहा. या सामन्यातून मंडळाला किती मिळणार आणि तो सोडला तर किती जाणार, हे तिकीट काढण्याआधी मंडळाला, सरकारला आणि आपल्या खासदाराला विचारा. १९७४ला जो कप आपण सोडला तो भारताला आजवर जिंकता आलेला नाही.